झामिलेला घरी आणायचं आहे

"तो रेडिओ आधी बंद कर, आई! नाहीतर उचलून अंगणात फेकतो!"

मोन्डे दारातूनच ओरडला. नोझिबेले चुलीवरच्या लोखंडी भांड्यात मक्याच्या कण्या आणि घेवडा ढवळत होती. तिनं मान वर केली नाही.

"रेडिओनं तुझं काय घोडं मारलंय?"

"सकाळपासून एकच चाललंय. माफ केलं, माफ केलं! सत्तावीस वर्षं तुरुंगात घातलं तरी माफ केलं! अगं, ते निदान जिवंत बाहेर तरी आले. माझा बाप आला का?"

जुलैचा महिना. डोंगरावरचं गवत थंडीनं पिवळं पडलेलं, आणि रेडिओवर मदीबांच्या आठवणी. नेल्सन मंडेलांना आमच्या भागात कुळाच्या नावानं, मदीबा म्हणूनच हाक मारतात, घरातल्या वडीलधाऱ्याला मारावी तशी. गेल्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्यामागे आलेला हा पहिला वाढदिवस. वाढदिवशी काहीतरी सेवा करायची म्हणून शाळांतली मुलं रस्ते झाडत होती, म्हाताऱ्यांना चादरी वाटत होती. आणि ह्या एका घरात मात्र मायलेकांचं जुंपलं होतं.

वाचकहो, थोर माणसाची जयंती करणं सोपं असतं. हार घातला, गाणं म्हटलं, झालं. पण त्या माणसानं जे केलं ते आपल्या उंबऱ्यात येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "आता तू कर," तर? मोन्डेच्या घरी नेमकं तसंच झालं होतं.

आदल्या दिवशी चर्चच्या पाद्रीबुवांनी निरोप आणला होता. हानेस बेस्टर नावाचा एक म्हातारा गोरा शेतकरी. वर्णभेदाच्या काळात तो पोलिसांत हवालदार होता. त्याच्या छातीत पाणी झालंय, डॉक्टरांनी आशा सोडलीय. त्यानं कळवलं होतं, "झामिले मागाडला हा माणूस कुठं मेला ते मी दाखवतो. लवकर या."

झामिले म्हणजे मोन्डेचा बाप. मोन्डे आईच्या पोटात होता तेव्हा झामिले गावोगावी फिरून गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घालायला सांगत होता. पोलिसांनी त्याला रस्त्यात गाडीतून उतरवून नेलं. मग एक सील केलेली शवपेटी घरी आली. उघडायची मनाई. कागदावर लिहिलं होतं, पळून जाताना ओढ्याच्या पाण्यात बुडाला.

पेटी पुरली. पण आमच्यात नुसतं शरीर पुरून भागत नाही. माणूस घरापासून लांब, वाईट मरणानं गेला, की जिथं जीव गेला तिथंच त्याचा आत्मा बसून राहतो, वाट न सापडलेल्या वासरासारखा. मग रक्ताच्या माणसानं उम्फाफाची फांदी घेऊन तिथं जायचं, नावानं हाक मारायची आणि त्याला घरी आणायचं. उम्फाफा म्हणजे बोरीच्या जातीचं काटेरी झाड. त्याचे काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक मागं वळलेला. झामिलेचे मोठे भाऊ, दुमिसा काका, त्या ओढ्यावर जाऊन एकदा फांदी घेऊन आलेही होते. उपयोग झाला नाही. नोझिबेलेच्या स्वप्नात झामिले अजून गुरांच्या कुंपणाबाहेरच उभा. आत येत नाही. आणि अंगावर पाण्याचा एक थेंब नाही. उलट कपड्यांना मेंढीच्या लोकरीचा वास.

"बुडालेला माणूस कोरडा कसा?" असं ती दिराला किती वर्षं विचारत होती. आता उत्तर माहीत असलेला एकच माणूस उरला होता, आणि तो मरायला टेकला होता.

"मी जाणार नाही," मोन्डे म्हणाला. "वर्णभेदातल्या गुन्ह्यांची कबुली घ्यायला सत्य आयोग बसला होता तेव्हा हा कुठं होता? तेव्हा तोंड शिवलं होतं? आता वर जायची वेळ आली म्हणून आपल्याकडून पाप धुऊन घेतोय! आपण काय धोबी आहोत?"

नोझिबेलेला हसू आलं. तिनं ते पदरात लपवावं तसं चेहरा वळवून लपवलं. मग रेडिओ बंद केला आणि चुलीपाशी बसली.

"मला मदीबांचं पटलं होतं असं वाटतं का तुला?" ती म्हणाली. "राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ते एका म्हातारीकडे चहाला गेले. तिच्या नवऱ्यानं वर्णभेदाच्या भिंती उभ्या केल्या होत्या. फोटो पेपरात आला. मी त्या दिवशी मदीबांचं चित्र भिंतीवरून काढलं आणि ट्रंकेच्या तळाशी कोंबलं. म्हटलं, पी बाबा चहा. माझ्या घरी नको येऊस."

"मग बरोबर केलंस की!"

"तेव्हा तू आठ-नऊ वर्षांचा होतास. शाळेच्या वाटेवर एका गोऱ्याचं दुकान लागायचं. तू लांबूनच मुठी आवळायचास. त्या दुकानदारानं तुला कधी 'हट' म्हटलं नव्हतं. मुठी तुला मी शिकवल्या. दुधाबरोबर पाजल्या. एके दिवशी झोपेत तुझ्या मुठी सोडवायला गेले, तर सुटेनात. तेव्हा मी घाबरले रे. वाटलं, मदीबांना तुरुंगात असं काय दिसलं असेल, ते निदान शोधावं तरी."

"सापडलं?"

"अजून शोधतेय."

मोन्डे म्हणाला, "त्या बेस्टरला कोर्टात उभं करायचं. बाकी काही नाही."

"करायचं की! मी कुठं नको म्हणतेय? माफ करायचं म्हणजे कोर्टाला कुलूप लावायचं असं कोणी सांगितलं तुला? पण कोर्ट त्याला शिक्षा देईल. तुझ्या बापाला हाताला धरून घरी आणणार नाही. ते आपलं काम आहे."

शेवटी मोन्डे उठला आणि कोपऱ्यातला गाठीचा सोटा उचलला.

"येतो. पण हा बरोबर घेऊन येतो."

"घे," आई म्हणाली. एवढ्या सहज म्हणाली, की मोन्डेलाच शंका आली.

शंका खरी ठरली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दुमिसा काका ताजी फांदी तोडून आले. नोझिबेलेनं ती पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि मोन्डेपुढे धरली.

"मी? काका आहेत की."

"काकांनी एकदा आणून पाहिलं. आता मुलगा आणील."

मोन्डेच्या लक्षात आलं. फांदी त्या जागेवर टेकवली, की ती धरणाऱ्यानं घरी पोहोचेपर्यंत कुणाशीही बोलायचं नसतं. फक्त गेलेल्याशी बोलायचं. वाटेत ओढा आला तर सांगायचं, ओढा आहे. दार आलं तर सांगायचं, दार आहे. फांदी दुसऱ्याकडे द्यायची नाही, खाली ठेवायची नाही. बोलणं मोडलं, की आणलेला माणूस तिथंच मागं राहतो.

"आई, हा तुझा डाव आहे."

"आहे. मग?"

दुमिसा काका तपकिरीची चिमूट ओढत म्हणाले, "पोरा, अजून वेळ आहे. काय शिव्या द्यायच्यात त्या आत्ताच देऊन घे. एकदा फांदी टेकली की तुझी जीभ तुझ्या बापाची."

मोन्डेनं खरंच डोंगराकडे तोंड करून चार शिव्या हासडल्या. काका मान डोलवत म्हणाले, "तिसरी नवीन होती. कुठं शिकलास?"

त्यानंतर मात्र बेस्टरच्या शेतावर पोहोचेपर्यंत कुणी हसलं नाही.

म्हातारा फाटकाशी उभा होता. एकेकाळचा धिप्पाड माणूस. आता कोट नुसता खुंटीवर टांगल्यासारखा. हॅट हातात. दुमिसा काकांच्या तोंडून निघून गेलं, "नमस्कार, मालक!" आणि लगेच त्यांनी स्वतःचीच जीभ चावली. साठ वर्षांची सवय. मोन्डेनं त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी मान खाली घातली.

"मालक म्हणू नका," बेस्टर म्हणाला. त्याची खोसा भाषा आमच्यासारखीच अस्सल होती. शेतावरच्या काळ्या पोरांत खेळून वाढलेल्या गोऱ्यांची असते तशी. "चला. फार चालवत नाही मला."

तो त्यांना ओढ्यावर घेऊन गेला. उताराची जागा, लव्हाळी, दगडांवर पातळ बर्फ. "इथं," तो म्हणाला, पण पाण्याकडे बघत म्हणाला, त्यांच्याकडे नाही.

मोन्डे फांदी टेकवायला वाकला. नोझिबेलेनं त्याचा दंड धरला.

"हे नाही."

"बाई, कागदावर हेच—"

"कागद मला पाठ आहे, बेस्टर. आम्ही इथं येऊन गेलोय. इथं कोणी नव्हतं." ती एकेक शब्द शांतपणे ठेवत गेली. "तुम्ही लपवलंत तर आम्ही रिकाम्या हातानं परत जाऊ. पण झामिले कुठं जाईल? तो इथंच राहील. तुमच्या शेतावर. तुम्ही मेल्यावरही."

म्हाताऱ्यानं पाण्यावरची नजर काढून घराकडे वळवली.

"तो इथंच आहे," बेस्टर कसाबसा म्हणाला. "मला माहीत आहे. मी त्या शेडमध्ये किती वर्षांत गेलेलो नाही. मेंढ्यासुद्धा आत शिरत नाहीत."

"कुठली शेड?"

त्यानं हात केला. घरामागे, मेंढ्यांची लोकर कातरायची दगडी शेड.

लोकर! नोझिबेलेनं डोळे मिटले आणि उघडले. "चला," ती म्हणाली.

शेडचा मोठा दरवाजा खिळे ठोकून बंद केलेला. एकच बुटकं दार होतं, वाकून आत जायचं. आत जुन्या लोकरीचा तेलकट वास आणि फटींतून येणारा थोडा उजेड. बेस्टरनं दारातूनच बोट दाखवलं. "तिथं. खांबाशी."

काकांनी खूण केली. मोन्डे गुडघ्यांवर बसला. डाव्या हातातली फांदी त्यानं जमिनीला टेकवली आणि काकांनी शिकवल्याप्रमाणे कुळाची नावं घेऊन हाक घातली. आवाज आधी फाटला, मग लागला.

"ऊठ भेले, ऊठ खुबोनी, ऊठ लांगाच्या नातवा,
दंव पडलं गवताला, गुरं वळली घराला,
चूल तुझी जागी आहे, धनीण तुझी जागी आहे,
लेक आलाय न्यायाला. ऊठ बाबा, चल."

त्या क्षणापासून त्याची जीभ बापाची झाली.

आणि तेव्हाच बेस्टर बोलू लागला. कोणी विचारलं नव्हतं. बांध फुटल्यासारखा बोलू लागला.

"आम्ही दोघं होतो. दुसरा मेला. बहिष्कारात कोण कोण आहे त्यांची नावं हवी होती. झामिलेनं एक नाव दिलं नाही. आम्ही लोकरीचं पोतं घेतलं आणि त्याच्या तोंडावर... ते मी धरलं होतं. दुसऱ्यानं नाही. मी. मला वाटलं तो सोंग करतोय. मग हालचाल थांबली. रात्री ओढ्यात नेऊन टाकलं."

"शेवटी काही बोलला?" नोझिबेलेनं विचारलं.

"पाणी मागितलं."

"दिलंत?"

"नाही."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आणि मोन्डे उठला. डाव्या हातात फांदी, उजव्या हातात सोटा. कपाळावरची शीर फुगलेली. एक पाऊल. आणखी एक. म्हातारा पळाला नाही. पळायचं कुठं? दारातून मागं सरकताना तो अडखळला आणि उंबऱ्यावरच आडवा कोसळला. खोकल्याची उबळ आली. श्वास आत जाईना.

नोझिबेले जागची हलली नाही. सोटा वर गेला तेव्हाही नाही. माफ करायचं की मारायचं ते कुणी कुणाच्या वतीनं ठरवायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं फक्त ओठ दाताखाली धरले.

मोन्डेला ओरडायचं होतं. म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांना हाका मारायच्या होत्या. पण फांदी हातात होती. बोलायचं तर फक्त एकाशी बोलता येत होतं.

"बाबा," तो म्हणाला. "बाबा, दार आहे. बुटकं आहे. वाकायला लागेल." त्यानं खाली पाहिलं. "पण बाबा, दारात हा पडलाय. ज्यानं तुम्हाला मारलं तो. तुमच्या बाहेर जायच्या वाटेतच पडलाय."

म्हाताऱ्याची घरघर वाढली होती.

"ह्याला ओलांडून तुम्हाला नेऊ? आपल्या घरी आपण माणसाला ओलांडत नाही. आई कुत्र्यालासुद्धा ओलांडू देत नाही. मग काय करू? हा मरेपर्यंत थांबू? तोवर तुम्हीही इथंच बसणार? ह्याच्याबरोबर?"

फटीतून उजेडाची एक रेघ आली होती, तिच्यात लोकरीचे तंतू तरंगत होते. मोन्डेनं फांदीकडे पाहिलं. सोट्याकडे पाहिलं. फांदी खाली ठेवता येत नव्हती. मोकळा करायचा तर एकच हात होता.

आणि सोटा दगडांवर खणकन् पडला!

मोन्डे वाकला आणि रिकाम्या उजव्या हातानं त्यानं हानेस बेस्टरचा हात धरला. ज्या हातानं पोतं धरलं होतं तोच हात! ओढून त्याला बसतं केलं, मग उभं केलं, खांद्याचा टेका देऊन दाराबाहेर नेलं आणि उन्हात दगडावर बसवलं. म्हाताऱ्याचा श्वास हळूहळू लागला. मोन्डे आत परत गेला.

"बाबा, आता वाट मोकळी आहे. डोकं सांभाळा. या."

तो वाकून बाहेर आला. एकटाच आला, पण काकांनी टोपी काढली आणि दोघांसाठी जागा करून दिली.

बेस्टर दगडावर बसून रडत होता. आवाज न करता, म्हातारी माणसं रडतात तसा. नोझिबेले त्याच्यापाशी गेली.

"हे सगळं सरकारी वकिलापुढं सांगाल?"

"सांगेन."

"तुरुंगात जावं लागेल."

"जाईन." मग त्यानं मान वर केली. "बाई, तुम्ही मला माफ केलं का?"

तिनं त्याच्या नजरेला नजर दिली. "ते मला आज सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू? पण माझ्या मुलानं तुमचा हात धरला. तो मी सोडवणार नाही."

परतीच्या मिनीबस टॅक्सीत काकांनी एका जागेचं भाडं जास्त दिलं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं, फांदी दिसली, तो समजला. "बसू द्या त्यांना खिडकीशी," म्हणाला. "मेलेली माणसं बरी. गाणं बदल म्हणत नाहीत." पुढच्या थांब्यावर एक जाडजूड बाई चढली आणि मोन्डेशेजारची रिकामी जागा बघून सरसावली.

"ताई, तिथं माणूस बसलंय," काका म्हणाले.

"कुठं बसलंय? मला काय डोळे नाहीत?"

"माझा धाकटा भाऊ आहे. आज घरी चाललाय."

बाईची नजर फांदीवर गेली. ती रिकाम्या जागेकडे वळली आणि अदबीनं म्हणाली, "चुकलं माझं, दादा. या, सुखानं या." आणि घरापर्यंत उभ्यानंच आली. मोन्डे मात्र हळू आवाजात सांगत होता. पूल आला बाबा. डावीकडे शाळा, ही तुमच्या वेळी नव्हती. हा चढ. हे आपलं गाव.

ऊन कलताना ते गुरांच्या कुंपणात शिरले. काकांनी कुळाची नावं घेतली, नोझिबेलेनं मक्याची आंबवलेली बिअर जमिनीवर ओतली. फांदी ठेवली. आता मोन्डेला बोलायची मुभा होती. शेजारपाजारचे जमले होते. सगळ्यांना वाटलं, आता ह्याचा राग फुटणार. दिवसभर दाबलेला आहे!

मोन्डे आईशेजारी मटकन बसला. स्वतःचा उजवा हात त्यानं उलटसुलट करून पाहिला.

"आई, त्याचा हात बर्फासारखा गार होता. आणि लहान. मला वाटायचं, त्याचे हात केवढे तरी मोठे असतील. जन्मभर मी त्या हातांना भ्यालो गं. राग राग म्हणत होतो, ती भीती होती."

नोझिबेलेनं त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मूठ नव्हती. बोटं सरळ, मोकळी होती.

"हेच असेल," ती पुटपुटली. "मदीबांना दिसलं ते हेच असेल."

बेस्टरनं दिलेला शब्द पाळला. सरकारी वकिलापुढं, साक्षीदारांसमक्ष, त्यानं एकेक गोष्ट सांगितली आणि सही केली. मोन्डे मागच्या बाकावर बसून ऐकत होता. खटला उभा राहिला. कायद्यानं आपलं काम सुरू केलं, आणि मोन्डेनं त्यात एका अक्षराची सूट मागितली नाही. मात्र गावातलं एक पोर त्याला म्हणालं, "सोटा होता ना हातात? मग टाकलास कशाला? भित्रा!" तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "दोन हात होते रे. एकात बाप होता. दुसऱ्यात काय धरायचं ते मला ठरवायचं होतं."

मित्रहो, माफ करणं म्हणजे झालेलं पुसून टाकणं नव्हे. खरं बोलल्यावाचून माफीला बसायला जागाच नसते, आणि न्यायाला ती कधी अडवत नाही. पण सूड हातात धरून कोणाला घरी आणता येत नाही. ना आपल्या गेलेल्यांना, ना आपल्या लेकरांना, ना स्वतःला. ज्यानं आपल्यावर अन्याय केला तो पुष्कळदा आपल्याच दारात आडवा पडलेला असतो. त्याला तिथून उठवायला एक हात मोकळा करावा लागतो. मदीबांनी तो हात सगळ्या देशासाठी मोकळा केला. आपण निदान आपल्या घरापुरता करूया.